किरणोपचाराचा हिशेब रुग्णासमोर मांडा

पौरुषग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाले की घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात तो उपचार केव्हा सुरू करायचे हा. रोग प्रारंभिक अवस्थेत, ग्रंथीपुरताच मर्यादित आणि सौम्य प्रकारचा असेल, तर त्याआधी विचारावयाचा एक प्रश्न राहून जातो. उपचार आताच करावयाचे काय?

हा प्रश्न वेडगळ नव्हे. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वर्षे वयाच्या १६४३ रुग्णांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गटांत विभागण्यात आले. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तर तिसऱ्यावर नियमित तपासण्यांद्वारे नुसती नजर. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या रोगाने दगावलेले तिन्ही गटांत मिळून ४५, म्हणजे २.७ टक्के, गटागटांतील फरक नगण्य. अर्थात नजर ठेवलेल्या गटात रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, आणि त्यातील ६१ टक्के रुग्णांना पुढे केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया वा किरणोपचार घ्यावेच लागले. तेव्हा 'काहीच करू नका' असा याचा अर्थ नाही. विचार करावयास आठवडे नव्हे, महिने हाती आहेत, एवढा मात्र निश्चित आहे. रोग उग्र प्रकारचा असेल तर ही सवलत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

किरणोपचारच घ्यावयाचे ठरले तरी निवड संपत नाही. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटण्याची तक्रार अधिक आढळते. किरणांनंतर आतड्याच्या तक्रारी. कोणती अडचण आपण सोसू शकू, हे डॉक्टरांपेक्षा रुग्णालाच अधिक कळते. पण शल्यविशारद शस्त्रक्रियेकडे आणि किरणोपचारतज्ज्ञ किरणांकडे झुकतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही.

खरा मुद्दा फेऱ्यांचा आहे. आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे ३९ वेळा किरण घेणे म्हणजे जवळजवळ आठ आठवडे. गडचिरोलीच्या वा नांदेडच्या शिक्षकाने मुंबईस येऊन आठ आठवडे राहायचे कोठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. सोबत येणाऱ्या मुलाची रजा, जेवणखाण, प्रवास हा सारा खर्च रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही. परंतु तोच कित्येकांना निम्म्यावर उपचार सोडावयास लावतो. या दृष्टीने २०२४ साली प्रसिद्ध झालेला पेस-बी हा अभ्यास आमच्या मते मोलाचा आहे. त्यातील ८७४ रुग्णांपैकी काहींना केवळ पाच वेळा मोठ्या मात्रेने, इतरांना २० किंवा ३९ वेळा किरण देण्यात आले. पाच वर्षांनंतर रोग आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९५.८ आणि ९४.६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. मात्र लघवीच्या मध्यम वा तीव्र तक्रारी पाच फेऱ्यांच्या गटात २६.९, तर दुसऱ्यात १८.३ टक्के आढळल्या. कित्येक आठवडे वाचतात, त्याची ही किंमत. ज्याला आधीच रात्री चारदा उठावे लागते त्याला ती परवडेलच असे नाही. वीस फेऱ्यांचा मधला मार्ग त्याच्यासाठी आहेच.

राहिला प्रोटॉनचा बडेजाव. चेन्नईत २०१९ पासून आणि खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात २०२३ पासून ही यंत्रणा सुरू आहे. मेंदूचा कर्करोग झालेल्या बालकाला तिचा उपयोग निर्विवाद. पण पौरुषग्रंथीच्या ४५० रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या तुलनेत, २०२४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या अचूक क्ष-किरणांपेक्षा ती सरस ठरली नाही. त्यासाठी जमीन विकावयास निघालेल्या गृहस्थाला कोणीतरी हे सांगावयास हवे.

ते सांगण्याची जबाबदारी रुग्णालयांची आहे. प्रत्येक पर्यायात फेऱ्या किती, खर्च किती, कोणत्या तक्रारी किती जणांना होतात, याचा एक पानी तक्ता मराठीत छापून द्यावयास कोणते यंत्र लागत नाही. आणि तो संमतिपत्रावर सही घेण्याच्या दिवशी नव्हे, निदानाच्या दिवशी हाती पडावा.