विश्लेषण : मोबाइलचे नेटवर्क गेले तर ठाणे-डोंबिवलीचा निरोप कोण पोहोचवणार? हॅम रेडिओच्या ‘खेळा’कडे पालिकांनी का पाहावे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदीचे पाणी बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांत शिरले, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि फोन लागेनासे झाले. घरचा माणूस कुठे अडकला आहे, हे त्या रात्री कित्येक कुटुंबांना कळले नाही. आज प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे. पण टॉवरची वीज गेली तर काय, या प्रश्नाचे उत्तर ठाणे, कल्याण-डोंबिवलीकडे आहे का? एक उत्तर या पट्ट्यातल्या काही गच्च्यांवर उभे आहे. त्याचे नाव हॅम रेडिओ.

हॅम रेडिओ म्हणजे नेमके काय?

हॅम रेडिओ म्हणजे परवानाधारक हौशी माणसांनी चालवलेले स्वतःचे बिनतारी केंद्र. त्यासाठी मोबाइल कंपनी, इंटरनेट किंवा टॉवर लागत नाही. एक संच, एक अँटेना आणि एक बॅटरी असली की समोरच्या केंद्राशी थेट बोलता येते. प्रत्येक केंद्राला सरकारने दिलेले सांकेतिक नाव असते, त्याला ‘कॉलसाइन’ म्हणतात. भारतातील कॉलसाइन ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते.

अंतरानुसार लहरी बदलतात. शहरांतर्गत संपर्कासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये डोंगर आला की अडतात. ठाणे आणि कल्याण यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर आहे. त्यामुळे हातातल्या छोट्या संचावरून ठाण्यातून डोंबिवलीला बोलणे नेहमीच जमेल असे नाही. त्यावर उपाय म्हणजे ‘रिपीटर’, म्हणजे उंचावर बसवलेले केंद्र. ते एका बाजूचा आवाज ऐकून त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला पुन्हा प्रक्षेपित करते. दुसरा मार्ग ७ मेगाहर्ट्झच्या लघुलहरींचा. अँटेना जमिनीपासून फार उंच न बांधता या लहरी जवळजवळ सरळ वर सोडल्या की, दिवसा त्या आयनोस्फिअरवर आदळून खाली परततात आणि डोंगराच्या अलीकडे-पलीकडे काहीशे किलोमीटरच्या परिसरात ऐकू येतात.

क्लब आणि स्पर्धांमध्ये काय चालते?

बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामपणचा उद्योग वाटतो. ठरलेल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर ‘नेट’ भरते. एक जण नियंत्रक असतो. तो हजेरी घेतो, एकेका केंद्राला बोलायची पाळी देतो. दोघांनी एकदम बोलायचे नाही, आपले कॉलसाइन सांगायचे, समोरच्याचा आवाज कसा येतो ते आकड्यांत कळवायचे, असे नियम असतात. ‘पाच-नऊ’ म्हणजे शब्द न् शब्द स्पष्ट आणि सिग्नल जोरदार.

याशिवाय वर्षभर ऑन-एअर उपक्रम असतात. १८ एप्रिलला जागतिक हौशी रेडिओ दिन साजरा होतो. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटना १९२५ मध्ये या दिवशी पॅरिसमध्ये स्थापन झाली. ऑगस्टमध्ये दीपगृहांजवळून प्रक्षेपण करण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम असतो, ऑक्टोबरमध्ये स्काउट-गाइड मुलांसाठी ‘जांबोरी ऑन द एअर’ भरते. अमेरिकेत १९३३ पासून होत असलेल्या ‘फील्ड डे’मध्ये हॅम मंडळी मैदानात तंबू ठोकतात, जनरेटर, बॅटरी किंवा सौर पॅनेलवर केंद्र उभारतात आणि २४ तासांत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधतात.

या स्पर्धांचा नियम साधा असतो. समोरच्याचे कॉलसाइन आणि ठरलेला मजकूर अचूक ऐकायचा, वहीत किंवा संगणकावर नोंदवायचा. एक अक्षर चुकले की गुण गेले. एरवी कोणी आवडीने करणार नाही असा सराव ही मंडळी हौसेने, स्वखर्चाने करतात. गोंगाटात क्षीण आवाज ओळखणे, अँटेना तासाभरात उभारणे, बॅटरी किती वेळ पुरेल याचा अंदाज बांधणे ही कौशल्ये पुराच्या रात्री पुस्तक उघडून शिकता येत नाहीत.

प्रत्यक्ष आपत्तीत हे कामी आले आहे का?

आले आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूज भूकंपात हॅम केंद्रांनी संदेशवहनाला हातभार लावला. सर्वात बोलके उदाहरण डिसेंबर २००४ चे आहे. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला हॅम मोहिमेसाठी गेले होते. अंदमानातून बोलणारे केंद्र जगभरच्या हॅमना दुर्मीळ, त्यामुळे संपर्कांची झुंबड उडाली होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि त्याच संचांवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळू लागली. सकाळपर्यंत जो छंद होता, तीच दुपारी जीवनवाहिनी झाली. संच आणि अँटेना आधीच उभे होते, म्हणूनच हे शक्य झाले.

ठाणे पट्ट्यालाच याची गरज का?

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवून पाहावी. कळवा-पडघा दरम्यानच्या उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला. लोकल थांबल्या. काही भागांत वीज यायला अनेक तास लागले. मोबाइल टॉवर अशा वेळी बॅटरी आणि डिझेल जनरेटरवर चालतात. डिझेल संपले किंवा पाण्यामुळे ते पोहोचवता आले नाही की टॉवर मुका होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा प्रवाशांच्या मोबाइलवरूनच दृश्ये सर्वदूर पोहोचली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झाली. मग हॅम कशाला? शिवाय पोलीस आणि अग्निशमन दलाकडे स्वतःची बिनतारी यंत्रणा असतेच.

हे खरे आहे. मोबाइल चालू असताना हॅम रेडिओची गरज नाही, आणि पोलिसांची जागा तो घेऊ शकत नाही. त्याच्या मर्यादाही आहेत. त्यावरचे बोलणे कोणीही ऐकू शकतो, त्यामुळे गोपनीय माहितीसाठी तो निरुपयोगी. व्यावसायिक वापराला बंदी आहे. पण पोलिसांच्या वाहिन्या आपत्तीत आदेशांनीच भरून जातात. कोणत्या निवारा केंद्रात किती माणसे आहेत, कोणाला इन्सुलिन हवे आहे, कोणती सोसायटी पाण्याने वेढली आहे, हे निरोप कोणी न्यायचे? नेहमीची यंत्रणा कोलमडल्यावर असे निरोप नेण्याची मुभा नियमांत हॅमना आहे.

परवाना कसा मिळतो?

वय १२ वर्षे पूर्ण हवे. केंद्रीय दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची परीक्षा द्यावी लागते. त्यात प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियमांवर प्रश्न असतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स कोडची अट नाही, जनरल श्रेणीला आहे. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर भरता येतो.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणारा वॉकीटॉकी घेतला म्हणजे कोणी हॅम होत नाही. ४४६ मेगाहर्ट्झजवळच्या एका छोट्या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच वगळता, परवान्याशिवाय असे संच वापरणे बेकायदा आहे.

मग करायचे काय?

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पालिका नालेसफाईचा आढावा घेतात, बोटी आणि पंप मोजतात. संदेशवहनाची मात्र मोजणी होते ती फोन नंबरांच्या यादीपुरती. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही पालिकांनी आपल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात परवानाधारक हॅमसाठी एक टेबल, गच्चीवर कायमची अँटेना आणि बॅटरीची सोय करावी. महिन्यातून एकदा हॅमच्या नेटवर पालिकेनेही हजेरी लावावी आणि वर्षातून एकदा मोबाइल बंद ठेवून खाडीकाठच्या व नदीकाठच्या प्रभागांतून निरोप पोहोचवण्याची रंगीत तालीम घ्यावी. पालिकेच्या अंदाजपत्रकात हा खर्च शोधावा लागेल, इतका तो किरकोळ आहे.

गृहनिर्माण सोसायट्यांनीही गच्चीवरची तार पाहून नाक मुरडणे थांबवायला हवे. या भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी बाहेर पडतात. अँटेनाचे गणित त्यांनी परीक्षेपुरते सोडवलेले असते, हातात तार धरलेली नसते. त्यांच्यासाठी परवान्याचे वर्ग महाविद्यालयातच घेता येतील. आणि हॅम क्लबांनीही आपल्या सांकेतिक भाषेच्या कोशातून बाहेर यावे. पुराच्या रात्री निरोप आणणारा माणूस मराठीत बोलणार आहे. त्याचा निरोप लिहून घेण्याचा, वाचून दाखवण्याचा सराव मराठीतच व्हायला हवा.

तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, हे सगळ्यांनाच पटते. इथे तर विहीर खणणारे स्वतःची कुदळ घेऊन तयार आहेत. पालिकेने त्यांना फक्त जागा दाखवायची आहे.