‘गरीब बापा’ची पासबुके

सीताबर्डीच्या पदपथावर मांडलेल्या पुस्तकांत आज हमखास दिसणारे पुस्तक कोणते, असे कोणी विचारले, तर रॉबर्ट कियोसाकी यांच्या ‘रिच डॅड पुअर डॅड’चे नाव घ्यावे लागेल. १९९७ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक मराठीत येऊनही बराच काळ लोटला. धंतोलीपासून बेशापर्यंत क्वचितच एखादे सुशिक्षित घर असेल, जिथल्या तरुणाने ते वाचलेले नाही. वाचायला हरकत नाही. पण त्या वाचनानंतर मुलगा आपल्या वडिलांकडे कोणत्या नजरेने पाहू लागतो, हा प्रश्न पैशाइतकाच गंभीर आहे.

या पुस्तकातला ‘गरीब बाप’ दरिद्री नाही. तो उच्चशिक्षित आहे, हवाई बेटांच्या शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. नोकरी प्रामाणिकपणे करावी, शिकावे, घर बांधावे, काटकसर करावी, हे त्याचे तत्त्वज्ञान. म्हणजे तो आपल्याकडचा शिक्षक, रेल्वेतला कारकून, वीज मंडळातला अभियंताच! त्याला अर्थनिरक्षर ठरवून लेखकाने सांगितलेली सूत्रे थोडक्यात अशी : राहते घर ही मालमत्ता नव्हे, बचत करणारा तोट्यात जातो, आणि कर्जाला भिऊ नये, ‘चांगले’ कर्ज श्रीमंत करते.

पहिल्या सूत्रात तथ्य आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. साठ लाखांचा फ्लॅट घ्यावा आणि त्यासाठी पंचेचाळीस लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांकरिता उचलावेत. महिन्याचा हप्ता सुमारे ३९ हजार येतो आणि पहिल्या हप्त्यातले ३१,८७५ रुपये निव्वळ व्याजात जातात. तशाच घराला भाडे पंधरा हजार मिळाले तरी पुष्कळ म्हणायचे. केवळ हिशेब पाहिला तर भाड्याने राहणाराच शहाणा ठरतो. परंतु म्हातारपणी घरमालकाने ‘जागा खाली करा’ म्हणू नये, मुलीच्या लग्नाचा मांडव आपल्या दारात पडावा, यांची किंमत त्या हिशेबात धरलेली नसते. ती धरायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. गंमत अशी की, घराला मालमत्ता न मानणारेच वर्धा मार्गावर मिहानच्या आशेने पावसाळ्यात तळे होणारे भूखंड ‘गुंतवणूक’ म्हणून घेतात, तेही अकृषिक परवानगी न पाहता. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे उच्चारताच अनधिकृत ले-आऊट डोळ्यांसमोर उभे राहतात, अशा शहरात आपण राहतो, याचाही त्यांना विसर पडतो.

बचतीविषयीचे सूत्र अर्धसत्य आहे. भविष्य निर्वाहाच्या सार्वजनिक योजनेत, म्हणजे पीपीएफमध्ये, जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के व्याज मिळे. मार्च २००३ पर्यंत ते आठ टक्क्यांवर आले. महागाईने मुदत ठेव कुरतडली जाते, हेही खरे. मात्र ‘बँकेत पैसा कुजतो’ हे वाक्य एकदा मनात रुजले, की त्याचा लाभ कोण उठवतो, हे नागपूरने पुरेपूर अनुभवले आहे. २०१३ मध्ये ‘श्रीसूर्या’चे आणि २०१४ मध्ये ‘वासनकर वेल्थ’चे प्रकरण बाहेर आले. बँकेच्या व्याजाहून कितीतरी अधिक परताव्याच्या आश्वासनावर ठेवी गोळा केल्याचे गुन्हे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या कायद्याखाली नोंदले गेले, संचालकांना अटक झाली. पैसे अडकलेल्यांत निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी होती. हे त्या पुस्तकामुळे झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ठेवीविषयीची तुच्छता ज्या हवेतून आली, ती हवा मात्र एकच.

सर्वांत धोक्याचा सल्ला कर्जाचा. कियोसाकी यांच्या ‘रिच ग्लोबल’ कंपनीवर न्यायालयात सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचा बोजा निघाला, तेव्हा २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लेखक स्वतः दिवाळखोर झाले नाहीत. तिथल्या कायद्याने ते शक्य आहे. इथे मध्यमवर्गीय माणूस कर्जाच्या कागदावर स्वतः सही करतो, बहुधा सोबत पत्नीचीही असते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक न्यायालयात न जाताही तारण घराचा ताबा घेऊ शकते. व्याजदर बदलता असतो, ते वेगळेच. परक्या कायद्याच्या छत्राखाली दिलेला सल्ला इथे उघड्यावर पाळायचा कसा?

तरीही या प्रकारची सगळीच पुस्तके टाकाऊ नाहीत. येल विद्यापीठाचे जेम्स चोई यांनी २०२२ मध्ये अशी पन्नास पुस्तके अर्थशास्त्राच्या सिद्धांतांशी ताडून पाहिली. सिद्धांत म्हणतो, आधी सर्वाधिक व्याजाचे कर्ज फेडा. काही पुस्तके म्हणतात, आधी सर्वांत लहान फेडा, म्हणजे उमेद वाढते. सिद्धांत म्हणतो, तरुणपणी मिळकत कमी असते, तेव्हा बचतही कमी करा. पुस्तके म्हणतात, पहिल्या पगारापासून सवय लावा. माणसाचा दुबळा संयम लक्षात घेतला, तर व्यवहारात पुस्तकांचा सल्ला कधी कधी अधिक उपयोगी ठरू शकतो, असा चोई यांचा अभिप्राय आहे. महालातल्या आमच्या आजीने हे कुठल्याच पुस्तकात वाचले नव्हते. वाण्याचा, दुधाचा, सणाचा असे तिचे डबे निराळे असत आणि एका डब्यातला पैसा दुसऱ्यात जात नसे.

गेल्या महिन्यात भाचा आला होता. बेशाला दुसरा फ्लॅट कर्जावर घेऊन भाड्याने द्यायचा, त्यातून ‘पैसा कामाला लावायचा’, असा त्याचा बेत. वडिलांची टपाल खात्यातली पासबुके त्याला हास्यास्पद वाटतात. त्याला ३९ हजार आणि पंधरा हजार, एवढे दोनच आकडे लिहून दिले आणि विचारले, की नोकरी सुटली तर मधला फरक कोण भरणार? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबांना विचारून बघतो.”