'ताबा सुटला' असं किती दिवस लिहायचं?

परवापासून गावातल्या तीन-चार ग्रुपवर एक जुना व्हिडिओ पुन्हा फिरतोय. वाळवंटात पंख कापलेल्या विमानासारखी लांबलचक गाडी, मागे धुळीचा लोट, आणि वर कुणीतरी लिहिलंय, 'वेगाचा नाद जीव घेतो.' त्याखाली कमेंटचा पाऊस. 'रिकामटेकडे लोक.' 'पैसा जास्त झाला की हे सुचतं.' 'बाईमाणसाने कशाला असले उद्योग?' एका शिक्षक मित्राने तर त्यावर आपल्या बायपासवरच्या अपघाताचा फोटो जोडला आणि लिहिलं, 'आपली पोरंही अशीच जातात.'

सर, तुमचा मान राखून सांगतो, दोन्ही गोष्टी चूक आहेत. आणि दुसरी चूक फक्त तुमची नाही, माझीही आहे.

आधी त्या गाडीबद्दल. तिचं नाव नॉर्थ अमेरिकन ईगल. एड शॅडल आणि कीथ झँघी या दोघा अमेरिकन मित्रांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी एफ-१०४ स्टारफायटर जातीच्या जुन्या लढाऊ विमानाचा सांगाडा विकत घेतला. किंमत २५ हजार डॉलर. म्हणजे भंगारच. पंख नव्हतेच, शेपूट कापलेली. त्यात त्यांनी जे-७९ जेट इंजिन बसवलं. पुढची वीस वर्षं अमेरिका आणि कॅनडातली माणसं नोकरीधंदा सांभाळून, सुट्टीच्या दिवशी येऊन या गाडीवर राबली. पगार कुणालाच नव्हता. पैसा जास्त झालेल्यांचं काम असं नसतं.

ध्येय होतं ताशी ७६३ मैलांचा, म्हणजे १,२२८ किलोमीटरचा जागतिक विक्रम मोडायचं. तो ब्रिटिशांच्या थ्रस्ट एसएससी गाडीने १५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात केला होता. जमिनीवरून आवाजाच्या वेगापलीकडे गेलेली ती पहिली गाडी. तिच्यामागेही इंधनासाठी वर्गणी काढणाऱ्या सामान्य चाहत्यांची फौज होती.

वेगाचं वेड म्हणायचं तर म्हणा. पण या वेड्यांचा निम्मा जीव जमिनीत गुंतलेला असतो, हे व्हिडिओत दिसत नाही. एवढ्या वेगाला रबराचा टायर टिकत नाही, चिंधड्या होतात. म्हणून चाकं अखंड ॲल्युमिनियमची. अशा चाकाखाली खडा आला तर तो दबून गिळला जात नाही. ताशी ८८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास अडीचशे मीटर. आपल्या एसटी स्टँडपासून नगरपालिकेपर्यंतचं अंतर एका सेकंदात! त्यामुळे धावेच्या आधी माणसं रांगेने पट्टा चालत जातात आणि खडे वेचतात. दक्षिण आफ्रिकेत हॅकस्कीन पॅन नावाच्या कोरड्या तळ्यावर ब्लडहाउंड या दुसऱ्या ब्रिटिश गाडीसाठी तिथल्या तीनशेहून जास्त गावकऱ्यांनी हाताने सुमारे १६,५०० टन दगड उचलले. हाताने! आपल्याकडे पावसाळ्यानंतर खड्ड्यात टाकलेली खडी कोण उचलतं, ते विचारू नका.

आता जेसी कॉम्ब्स. 'बाईमाणूस' म्हणून जिच्यावर कमेंट पडतायत ती ही. वेल्डिंग, फॅब्रिकेशन हे तिचं काम. गॅरेजच्या टीव्ही कार्यक्रमांतून घरोघरी पोहोचलेली. २०१३ मध्ये याच गाडीतून ती ताशी ३९० मैलांच्या पुढे गेली होती. एड शॅडल २०१८ मध्ये कर्करोगाने गेले, पण टीम थांबली नाही. २७ ऑगस्ट २०१९ ला ओरेगनच्या अल्व्हर्ड वाळवंटात ती पुन्हा त्या गाडीत बसली. याच वाळवंटात १९७६ साली किटी ओ'नील या कर्णबधिर बाईने ताशी ५१२ मैलांचा महिलांचा विक्रम केला होता, तो जेसीला मोडायचा होता. मोडलाही. ५२२.७८३ मैल, म्हणजे ताशी ८४१ किलोमीटर. पण जून २०२० मध्ये गिनेसने तो मान्य केला तेव्हा ती नव्हती. त्याच दिवशी गाडी कोसळून ती गेली होती. वय ३९.

आता मुद्द्यावर येतो. तिथल्या हार्नी काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने तपास केला. ओसाड मुलूख आहे तो, आपल्या तालुक्याच्या कितीतरी पट मोठा आणि माणसं आपल्या तालुक्याच्या एका कोपऱ्यातली. काही आठवड्यांत त्यांनी कारण जाहीर केलं: पुढच्या चाकात यांत्रिक बिघाड, बहुधा वाळवंटातल्या एखाद्या वस्तूवर आदळल्यामुळे. ताशी साडेपाचशे मैलांच्या आसपास पुढच्या चाकाची जुळणीच कोलमडली.

मंडळी, नीट वाचा. ज्या बाईने मरायची जोखीम स्वतःहून घेतली, जी आवाजाच्या वेगाकडे निघाली होती, तिच्या मृत्यूचं कारण 'वेग' लिहून फाइल बंद करणं सगळ्यात सोपं होतं. तरी त्यांनी चाक पाहिलं आणि जमीन पाहिली.

आणि आपण?

वीस वर्षं झाली मी अपघाताच्या बातम्या लिहितोय. 'भरधाव वेगात चालकाचा ताबा सुटल्याने' हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. डिप्लोमाला शिकवलं होतं, पोलिसांनी दिलेली माहिती द्यायची. पोलिसांच्या कागदावर काय असतं? 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत.' रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष कुणी केलं? मेलेल्याने! ज्याने ती परिस्थिती करून ठेवली त्याचं नाव कागदावर कुठेच नाही.

दोन महिन्यांपूर्वी बायपासला दूध घालून परत येणारा एकवीस वर्षांचा पोरगा गेला. मी तासाभराने पोहोचलो. वळणावर टिपरमधून सांडलेली कच दहा-बारा फूट पसरलेली, त्यात गाडीच्या घसरण्याची रेघ स्पष्ट. मी स्वतः पाहिली. आणि संध्याकाळी बातमी काय दिली? ताबा सुटला. त्याचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेराव्यानंतर भेटले. म्हणाले, "पोरगं कधी पन्नासच्या पुढं गाडी पळवत नव्हतं रे. तू तरी लिहायचं नव्हतंस." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुणी म्हणेल, रील करत एकशेवीसने जाणाऱ्या पोरांना पाठीशी घालतोय. नाही. त्यांचे कान धराच, दारू पिऊन चालवणाऱ्याला आत टाका. पण सगळ्यांना एकाच वाक्यात पुरायचं का? दोन किलोमीटर पुढच्या वळणावर पट्टा नाही, रिफ्लेक्टर नाही, गतिरोधक रात्री दिसत नाही. तिथे कुणीही घसरला तरी बातमी तीच.

कायदाही आहे. त्याच २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांनी केली नाही आणि त्यातून मृत्यू झाला, तर ठेकेदार, सल्लागार, जबाबदार यंत्रणा यांना एक लाखापर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण ते कलम लावलं का, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत एकाही अधिकाऱ्याला विचारला नव्हता. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा विचारला. साहेब म्हणाले, "असं काही असतं का?"

पंचनाम्याच्या प्रतीसाठी अर्ज दिलाय. त्या दिवशी सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान बायपासच्या वळणावरून जो कुणी गेला असेल, ज्याच्याकडे रस्त्याचा फोटो, गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ किंवा त्या टिपरचा नंबर असेल, त्याने मला इनबॉक्स करा. नाव बाहेर जाणार नाही. आणि सर, तो फोटो तुमच्या पोस्टवरून काढा, अण्णांच्या पुतण्याने पाहिलाय.