क्रोम काढू की ठेवू?

परवा सकाळी बडोद्याहून आत्याचा फोन आला. ‘कसा आहेस, जेवलास का’ यात ती कधी वेळ घालवत नाही. एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, थेट उदाहरणच घालते. ‘‘अरे, मी ते क्रोम काढून टाकलं तर माझं पेन्शनचं खातं बंद पडेल का?’’

चहाचा कप हातातच राहिला. चौकशी केली तेव्हा कळलं, तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान निघालंय : परदेशी ब्राउझर हद्दपार करा, देशी ‘उला’ आणा! मंडळातल्या चौघीजणींनी आणलासुद्धा. आत्या स्वदेशीच्या बाजूची आहे, तिच्या वडिलांनी सूत कातलेलं आहे. पण पेन्शन ती पेन्शन. म्हणून भाच्याला फोन.

आत्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे सांगतो, कारण हा प्रश्न आता बऱ्याच घरांत निघतोय.

आधी हा ‘उला’ कोण? चेन्नईच्या झोहो कंपनीनं २०२३ च्या मे महिन्यात आणलेला हा ब्राउझर. ‘उला’ या तमिळ शब्दाचा अर्थ फेरफटका, सफर. नाव झकास आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. २०२५ च्या मार्चमध्ये निकाल लागला आणि १ कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस झोहोनं नेलं. पुढे त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस झोहोचाच ‘अरट्टाई’ हा मेसेंजर एकदम गाजला आणि त्याच्या पाठोपाठ उलाचं नावही आत्याच्या भजनी मंडळापर्यंत पोचलं.

देशी ब्राउझरची ही पहिलीच खेप नाही बरं का. २०१० मध्ये बंगळुरूच्या एका कंपनीनं ‘एपिक’ नावाचा ब्राउझर काढला होता. फायरफॉक्सच्या पायावर उभा केलेला, सोबत व्हायरसविरोधी यंत्रणा आणि भारतीय भाषांत टाइप करायची सोय. आमच्यासारख्यांना त्या सोयीचं फार अप्रूप. नव्वदच्या दशकात मराठी वेबसाइट उघडायची म्हणजे प्रत्येकीचा वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे. नाही घेतला तर अग्रलेखाच्या जागी चिनी-जपानी वाटावी अशी गिचमीड! एपिक पुढे आपला पाया बदलून क्रोमियमवर गेला आणि खासगीपणा जपणारा ब्राउझर म्हणून उरला. घराघरांत मात्र तो पोचला नाही.

आता हा ‘क्रोमियम’ शब्द आलाच आहे तर तिथेच थांबू या, कारण सगळी गोम तिथे आहे.

ब्राउझरच्या पोटात एक इंजिन असतं. वेबसाइटकडून येणारा संकेतांचा ढिगारा वाचून त्याचं चित्रं-अक्षरं असलेलं पान करणारं. मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली अशी इंजिनं जगात तीनच. गूगलच्या क्रोमियममधलं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि अ‍ॅपलचं वेबकिट. क्रोमियमचा आराखडा गूगलनं सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. कोणीही घ्यावा, आपली बॉडी चढवावी, आपला रंग द्यावा. ऑपेरानं २०१३ मध्ये तेच केलं. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनंही २०१८ मध्ये स्वतःच्या इंजिनाचा नाद सोडला आणि २०२० पासून तिचा एज ब्राउझर क्रोमियमवर धावू लागला. उलाही क्रोमियमवरच आहे.

‘‘म्हणजे इंजिन परदेशी आणि वर आपली पाटी?’’ आत्यानं लगेच पकडलं.

तर हो. पण यात फसवणूक नाही, झोहोनं ते लपवलेलं नाही. शून्यापासून इंजिन बांधायचं तर वर्षानुवर्षं शेकडो इंजिनिअर लागतात. जे मायक्रोसॉफ्टला परवडलं नाही ते झोहोकडून मागण्यात अर्थ नाही. फक्त ‘संपूर्ण स्वदेशी’ असं जे फॉरवर्ड फिरतंय ते पूर्ण खरं नाही, इतकं लक्षात असू द्यावं. आणि आयफोन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. भारतात आयफोनवर कुठलाही ब्राउझर घ्या, क्रोम घ्या नाहीतर उला, आतलं इंजिन अ‍ॅपलचंच असतं. कंपनीचा नियमच तसा आहे.

मग फरक कुठे पडतो? बॉडीत. आणि तो फरक लहान नाही.

गूगलची बहुतेक कमाई जाहिरातींची. तुम्ही काय शोधता, कुठे रेंगाळता हे कळलं तरच ती जाहिरात नेमकी लागते. जाहिरातवाल्यांची हेरगिरी करणाऱ्या कुकीज क्रोममधून दोन वर्षांत हटवू, असं गूगलनं २०२० च्या जानेवारीत जाहीर केलं. तारखा पुढे ढकलत ढकलत २०२४ च्या जुलैमध्ये तो बेत गुंडाळला. सावकाराच्या मुनिमानं व्याज माफ करण्याचं आश्वासन द्यावं, तशातली गत. ‘इन्कॉग्निटो’ या गुपचूप खिडकीचीही तीच कथा. तिथेही माहिती गोळा होते म्हणून अमेरिकेत दावा लागला आणि २०२४ मध्ये तडजोड करताना गूगलला अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल करावं लागलं. आपला सर्चच सगळीकडे आधीपासून बसवलेला असावा म्हणून गूगलनं एकट्या २०२१ मध्ये इतर कंपन्यांना २६ अब्ज डॉलरच्या वर पैसे मोजले, हे तिथल्याच दुसऱ्या खटल्यात बाहेर आलं. तुम्ही कुठल्या दारातून इंटरनेटवर जाता, त्याची किंमत ही अशी आहे!

झोहोचा धंदा वेगळा. कंपन्यांना हिशेबाची, ई-मेलची सॉफ्टवेअर विकून ती पैसे मिळवते. जाहिराती दाखवणं हा आपला व्यवसायच नाही, असं ती सांगते. त्यामुळे पाठलाग करणारे ट्रॅकर आणि जाहिराती अडवण्याची सोय उलामध्ये बसवूनच येते, वेगळं काही जोडावं लागत नाही. क्रोमनं गेल्या दोन वर्षांत जाहिराती अडवणाऱ्या काही जुन्या, भरवशाच्या जोडण्या बंद पाडल्या, त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मोलाची.

मला हे आत्यासाठी का महत्त्वाचं वाटतं, तेही सांगतो. तिच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी मध्यंतरी बँकेचा फोन नंबर नेटवर शोधला. सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. तो बँकेचा नव्हता, भामट्यांनी लावलेली जाहिरात होती. चाळीस हजार गेले. पोलिसांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पण तोवर दोन दिवस उलटले होते. जाहिराती अडवणारा ब्राउझर असता तर आजोबा वाचले असते असं छातीठोकपणे नाही म्हणणार. पण वयस्कर माणसाच्या पडद्यावर जितकी कमी लुडबुड, तितकं बरं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे उलाचे कप्पे. कामाचा वेगळा, घरगुती वेगळा, मुलांचा वेगळा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा वेगळा. एका कप्प्यातलं दुसऱ्यात सांडत नाही. एकच लॅपटॉप घरातले चौघे वापरतात अशा आपल्याकडच्या घरांत हे सोयीचं. मुलांचा कप्पा मात्र फार भरवशावर घेऊ नका. आमच्या शेजारचा बारा वर्षांचा चिरंजीव असल्या कुलपाला वळसा घालून दुसरा ब्राउझर उघडेपर्यंत आपला चहासुद्धा उकळत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली दुरुस्तीची. क्रोमियममध्ये भोक सापडलं की गूगल आधी क्रोमला ठिगळ लावतं, आता तर जवळजवळ दर आठवड्याला. मग ते ठिगळ उलासारख्यांनी उचलून आपल्या ब्राउझरला लावायचं. मधला काळ चोरांचा, कारण ठिगळ जाहीर झालं की भोक कुठे होतं ते त्यांनाही कळतं. झोहोची माणसं ते किती तत्परतेनं करत राहतील, यावर सगळं अवलंबून. नवा ब्राउझर आणताना उत्साह असतो, पाचव्या वर्षीही तो टिकला का, हे पाहायचं.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे, पण पेन्शनशी तिचा थेट संबंध, म्हणून सांगतोच.

बँकेची साइट खरी की खोटी हे ब्राउझर कसं ओळखतो? आपल्याकडे लग्न जमवताना स्थळ माहितीतल्या माणसानं सुचवलेलं असलं की आपण निर्धास्त. तसंच इथे. काही संस्था ‘ही साइट अमक्या बँकेचीच’ असं प्रमाणपत्र देतात आणि कुठल्या संस्थांच्या शिफारशीवर विश्वास ठेवायचा त्याची यादी ब्राउझर बाळगतो. सरकारी स्पर्धेची एक अट अशी होती की ब्राउझरची अशी स्वतःची यादी हवी आणि तीत भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र हवं. हेतू योग्यच. परदेशी ब्राउझरच्या मर्जीवर देशाचे व्यवहार का चालावेत?

पण इतिहासही ठाऊक असावा. २०१४ च्या जुलैमध्ये उघड झालं की आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर पडली होती. नियंत्रकांनी ती लगोलग रद्द केली. पण क्रोमनं त्यानंतर भारतीय प्रमाणपत्रांवरचा विश्वास gov.in च्या धर्तीवरच्या मोजून सात नावांपुरताच ठेवला.

‘‘म्हणजे परदेशी तेवढे सोवळे?’’

छे! नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या कंपनीत २०११ मध्ये चोर शिरले, तिच्या नावानं बनावट प्रमाणपत्रं निघाली आणि इराणमधल्या लोकांच्या ई-मेलवर पाळत ठेवायला ती वापरली गेली. कंपनीचं त्याच वर्षी दिवाळं वाजलं. सांगायचा मुद्दा, शिफारस करणारा देशी की परदेशी यापेक्षा त्याच्यावर नजर कोण ठेवतं हे मोठं. या नजर ठेवण्याबद्दल आपल्याकडे जितकं उघडपणे बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही, अशी माझी तक्रार आहे. ‘आम्ही तुमची माहिती विकत नाही’ हे झोहोचं वचन मला खोटं वाटत नाही, कंपनीचा लौकिक चांगला आहे. पण वचन मोडलं तर विचारायचं कोणाला? खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि त्यातली बरीच कलमं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत.

एवढं ऐकून आत्या म्हणाली, ‘‘उत्तर सांग. पायऱ्या पुरे.’’

उत्तर असं. क्रोम काढू नकोस. ब्राउझर काढला म्हणून खातं बंद पडत नाही, पण तूर्त काढू नकोस. उलाही घे, ताटात दोन वाट्या असायला काही हरकत नाही. बँक आणि पेन्शन क्रोमवर, कारण ठिगळ तिथे आधी लागतं. पण त्यात दुसरं काही करायचं नाही, कुठलीही जोडणी बसवायची नाही आणि बँकेचा पत्ता पासबुकावर बघून स्वतः टाइप करायचा, शोधून नाही. बातम्या, पाककृती, कीर्तनं, नातवाला दाखवायची हत्तीची चित्रं, हा सगळा फेरफटका उलावर. सहा महिन्यांनी उला वेळच्या वेळी अपडेट होतोय असं दिसलं, तर बँकही तिकडे हलवू. फायरफॉक्सचं नावही मी हळूच सुचवलं, इंजिन स्वतःचं आहे म्हणून. पण त्याला पोसणाऱ्या पैशातला मोठा वाटा गूगलकडूनच येतो हे ऐकल्यावर तिनं ते तिथेच निकालात काढलं.

एक सावधगिरी मात्र लिहून घ्यायला लावली. क्रोममधले पासवर्ड दुसरीकडे नेताना त्यांची फाइल तयार केली, तर ती साध्या अक्षरांत असते, उघडेल त्याला वाचता येते. काम झालं की लगेच पुसायची, कचरापेटीतूनसुद्धा. तिची एक मैत्रीण ती फाइल डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ या नावानं ठेवून तीर्थयात्रेला गेली होती!

‘‘पासवर्ड नाहीच न्यायचे,’’ आत्या म्हणाली, ‘‘ते वहीत आहेत. माझे बुकमार्क तेवढे तिकडे जातील ना?’’

‘‘जातील की. किती आहेत?’’

‘‘मोजले नाहीत रे. पण नुसते उकडीच्या मोदकांचेच नऊ आहेत.’’