मॅरेथॉनला नाव नोंदवू नका

जत्रेला तीन प्रकारची माणसं येतात, असं आपल्याकडे म्हणतात: हौशे, नवशे आणि गवशे. हौशे मजा म्हणून येतात, नवशे बोललेला नवस फेडायला आणि गवशे काही हाती लागतंय का ते बघायला. आपल्या शहरांतल्या मॅरेथॉन आता जत्राच झाल्यात, त्यामुळे तिथेही हे तिघे भेटतात. शुगरचा रिपोर्ट बघून किंवा तिशीत सुटलेल्या पोटाला घाबरून आलेला तो नवशा. पदक, टी-शर्ट आणि नव्या डीपीसाठी आलेला तो गवशा. हौशा मात्र शोधावा लागतो. माझं भांडण याच गोष्टीशी आहे.

भांडणारा मी कोण? चौतिसाव्या वर्षी पळायला लागलेला आणि आज त्रेचाळिशीत असलेला एक नोकरदार. आठवड्यातून चार दिवस पळतो, बहुतेक वेळा पाच ते आठ किलोमीटर, महिन्यातल्या एखाद्या रविवारी पंधरा. वेग असा, की तळजाईच्या चढावर एखादे आजोबा भरभर चालत मला मागे टाकतात आणि वर पोचून हसतात. या नऊ वर्षांत माझ्यासोबत सुरुवात केलेल्यांपैकी बहुतेक जण थांबले. त्यांच्यात आळशी कुणीच नव्हतं, शिस्तीत तर ते माझ्या कितीतरी पुढे होते. सोळा आठवड्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून त्यांनी ते तंतोतंत पाळलं, शेवटच्या रेषेवर आनंदाने रडले आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे बूट माळ्यावर गेले. नवस फिटला, आता देवळाची पायरी कशाला चढायची?

म्हणून नव्याने पळू बघणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: पहिली दोन वर्षं कुठल्याही मॅरेथॉनला नाव नोंदवू नका.

याचं पहिलं कारण शरीराचं आहे. पळायला लागल्यावर काही आठवड्यांत दम पुरायला लागतो, कारण हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात. पोटरीला टाचेशी जोडणारी शीर, नडगीचं हाड, गुडघ्याभोवतीचे बंध यांना मात्र महिनोन् महिने लागतात. दम आहे म्हणून आपण अंतर वाढवत जातो आणि पाय मागे राहतात. स्पर्धेची तारीख तर कुणासाठी थांबत नाही. नडगी दुखत असताना ‘जानेवारीपर्यंत ओढू कसंतरी’ म्हणणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. तारीख नसती, तर ती आठवडाभर घरी बसली असती आणि पुढची दहा वर्षं पळाली असती.

दुसरं कारण वेगाचं. स्टीफन सायलर या संशोधकाने जगातल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला. लांब पल्ल्याच्या खेळांतले हे लोक आपला सुमारे ८० टक्के सराव सावकाश करतात, असं त्याला आढळलं. सावकाश म्हणजे किती? सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकं. ज्यांचं पोट पळण्यावर चालतं ते हळू पळतात, आणि दिवसभर ऑफिसात बसणारे आपण रोज छाती फुटेस्तोवर पळतो. कारण स्ट्राव्हावर आपला वेग सगळ्यांना दिसतो! हळू पळायला फुप्फुसांपेक्षा जास्त बेफिकिरी लागते, आणि हौशा माणसाचं खरं भांडवल तीच असते.

आणि ज्या आकड्यासाठी एवढं चाललंय, तो तरी काय आहे? ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनापर्यंत शर्यत आखली, तेव्हा हे अंतर आलं. १९२१ मध्ये तेच कायमचं झालं. म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्याच्या बैठकीनुसार ठरलेल्या आकड्यावर पुण्यातला बँक कर्मचारी स्वतःची लायकी मोजतो.

‘पण समोर ध्येय नसेल तर माणूस पहाटे पाचला उठेल कसा?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. याचं उत्तर आपल्या भाषेतच आहे. आपल्याकडे नवस असतो तसा नेमही असतो. नवस फिटतो, नेम चालू राहतो. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या वारकऱ्याला कुणी टायमिंग विचारत नाही. तो पोचतो, परततो आणि पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो. हौस टिकवायची तर तिला अशा नेमाची जोड लागते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार. एवढंच.

मॅरेथॉनमुळे अनेक जण पहिल्यांदा घराबाहेर पडतात, मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून सामाजिक संस्थांसाठी पैसाही उभा करते, हे मला मान्य आहे. पण त्याच मुंबईत वांद्रे-वरळी सी लिंकवर एरवी पायी जायला बंदी आहे. वर्षातली एक सकाळ पैसे भरलेल्या धावपटूंना तिथून सोडतात, आणि आपण त्या सकाळीचे फोटो वर्षभर मिरवतो. उरलेले ३६४ दिवस पळायचं कुठे? पदपथावर गाड्या लावलेल्या, फरशा उखडलेल्या, कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी. आमच्या ओळखीतली एक मैत्रीण पहाटे रस्त्यावर एकटी पळायला नको म्हणून सोसायटीच्या आवारात तीस-तीस फेऱ्या मारते. स्पर्धेच्या दिवशी रस्त्यावर पोलीस असतात, दिवे असतात, टाळ्या असतात. तिला टाळ्या नकोत. मंगळवारी पहाटे साडेपाचला दिवे चालू हवेत.

गवशांची गर्दी हे कधीच मागणार नाही, कारण तिचं काम एका रविवारी भागतं. मागतील ते रोज त्या रस्त्यावर असणारे, कुठला दिवा बंद आहे आणि कुठल्या वळणावर खड्डा आहे हे पाठ असलेले लोक. तसे लोक एकेका वॉर्डात शे-दोनशे झाले, तर नगरसेवकाला त्यांच्याकडे बघावंच लागेल.

तेव्हा नोंदणीचं पान बंद करा. त्या पैशांत धड बूट घ्या. उद्या वीस मिनिटं पळा, दम लागला की चाला, मग पुन्हा पळा. परवा सुट्टी घ्या. वाटेत दिवा बंद दिसला, तर घरी आल्यावर महापालिकेकडे तक्रार नोंदवा. दोन वर्षांनीही हे चालू असेल, तर मग खुशाल जत्रेला जा. तेव्हा तुम्ही हौशे म्हणून जाल.