स्टीमचे फुकट कोड: गेम तुमचा, पण तो किती जणांना वाटायचा हे कोण ठरवतं?

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि साध्या गेम्सना प्रोत्साहन देण्याची भाषा आहे. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. थोडक्यात काय, तर 'आपल्या पोरांनी गेम खेळत बसण्यापेक्षा गेम बनवावेत' असं आता सरकारही म्हणायला लागलंय.

पण गेम बनवला की तो विकायचा कुठे? कॉम्प्युटरवरचा गेम असेल तर जवळपास प्रत्येकाचं उत्तर एकच असतं, स्टीम. आणि या दुकानाचा एक नियम असा आहे, जो छोट्या डेव्हलपरला बऱ्याचदा गेम तयार झाल्यावरच कळतो. तो म्हणजे फुकट मिळणाऱ्या ॲक्टिव्हेशन कोडवरची मर्यादा.

हे प्रकरण नेमकं काय आहे, ते सुरुवातीपासून बघू.

हे कोड म्हणजे काय?

स्टीम हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह या कंपनीचं ऑनलाइन दुकान. 2015 पासून भारतात तिथं रुपयांत खरेदी करता येते. गेम विकला गेला की साधारण 30 टक्के वाटा स्टीमचा आणि उरलेला डेव्हलपरचा. म्हणजे 300 रुपयांच्या गेममागे 90 रुपये दुकानाला जातात.

पण डेव्हलपरला आणखी एक सोय असते. त्याला स्टीमकडून अक्षरं आणि आकड्यांचे कोड मिळतात. गेमर्स त्यांना 'की' म्हणतात, पण मराठीत 'की'नं गोंधळ होईल, म्हणून आपण कोडच म्हणू. हा कोड स्टीममध्ये टाकला की गेम त्या माणसाच्या खात्यात कायमचा जमा होतो. डेव्हलपर हे कोड पत्रकारांना देऊ शकतो, टेस्टिंगसाठी देऊ शकतो, स्वतःच्या वेबसाइटवर विकूही शकतो. त्या विक्रीतून स्टीम एक रुपयाही घेत नाही. अट एवढीच, की बाहेर स्वस्त आणि स्टीमवर महाग असा प्रकार करायचा नाही.

लोकलच्या भाषेत सांगायचं तर रुळ रेल्वेचे, डबा रेल्वेचा, वीज रेल्वेची, पण काही तिकिटं तुम्ही स्वतः छापून विकायची आणि पैसे तुमच्या खिशात. सोय चांगलीच आहे. पण अशी सोय असली की तिचा गैरफायदा घेणारेही येतातच.

मग बिघडलं कुठे?

2013 मध्ये स्टीमनं 'ट्रेडिंग कार्ड' आणली. गेम चालू ठेवला की खेळणाऱ्याला चित्रांची कार्डं मिळतात. ती स्टीमच्याच बाजारात विकता येतात. एका कार्डाची किंमत अगदी किरकोळ असते, पण प्रत्येक विक्रीतला छोटा वाटा डेव्हलपरलाही मिळतो.

काही जणांनी यातून धंदा शोधला. दोन दिवसांत कसाबसा गेम जोडायचा, तो स्टीमवर टाकायचा आणि हजारो कोड मागून घ्यायचे. मग ते कोड बॉट खात्यांत भरायचे. ही खाती माणसांची नसतात, सॉफ्टवेअर ती चालवतं. ती रात्रंदिवस गेम 'खेळत' बसणार, कार्डं गोळा करणार आणि विकणार. गेम एकाही माणसानं विकत घेतला नाही तरी पैसे सुरू.

व्हॉल्व्हनं एकेक छिद्र बुजवायला सुरुवात केली. सप्टेंबर 2016 मध्ये कोडवरून गेम घेतलेल्यांचे रिव्ह्यू गेमच्या एकूण रेटिंगमध्ये धरणं बंद केलं, कारण कोड वाटून चांगले रिव्ह्यू मिळवायचा प्रकारही चालू होता. मे 2017 मध्ये ठरवलं, की गेम खरी माणसं खेळत आहेत अशी खात्री पटल्याशिवाय कार्डं मिळणार नाहीत. जून 2017 मध्ये मतदानानं गेम निवडायची जुनी पद्धत बंद झाली आणि 100 डॉलर भरून कुणीही गेम आणू शकेल अशी 'स्टीम डायरेक्ट' योजना आली.

दार उघडल्यावर गर्दी वाढणार हे उघड होतं. म्हणून ऑगस्ट 2017 मध्ये व्हॉल्व्हनं सांगून टाकलं, की यापुढे मागाल तितके कोड मिळणार नाहीत. स्टीमवर काही हजार प्रती विकल्या गेलेल्या गेमनं पाच लाख कोड मागितले, तर आम्ही त्या गेमची विक्री तपासणार आणि गरज वाटली तर नाही म्हणणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात असे माल ओतणाऱ्या एका डेव्हलपरचे 170 हून अधिक गेम स्टीमवरून एका झटक्यात हटवले गेले.

आज बाहेरच्या विक्रीसाठी सुरुवातीला 5,000 कोडपर्यंतची सोय आहे. त्यापुढची प्रत्येक मागणी तपासली जाते आणि कोड मिळतीलच याची हमी नसते.

एवढं वाचून वाटेल, बरोबरच केलं की!

हो, बऱ्याच अंशी बरोबरच केलं. फुकट कोडचा त्रास प्रामाणिक डेव्हलपरलाही होतोच.

'फॅक्टोरिओ' हा प्रसिद्ध गेम बनवणाऱ्या वुब या चेक कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांच्या वेबसाइटवरून काहींनी चोरीच्या क्रेडिट कार्डांनी कोड विकत घेतले आणि जीटूए या पुनर्विक्रीच्या बाजारात विकले. कार्डाच्या खऱ्या मालकानं तक्रार केली की बँक पैसे परत फिरवते. म्हणजे कोड गेला, पैसेही गेले आणि वर दंड बसला. 2020 मध्ये जीटूएनं मान्य केलं, की असे 198 कोड आपल्या बाजारात विकले गेले होते. त्यांनी वुबला सुमारे 40 हजार डॉलर भरपाई दिली. पण अशी भरपाई मिळणं हा अपवाद आहे.

दुसरा प्रकार तर प्रत्येक नव्या डेव्हलपरच्या इनबॉक्समध्ये येतो. 'मी मोठा यूट्यूबर आहे, रिव्ह्यू करतो, पाच कोड पाठवा.' कोड पाठवले की रिव्ह्यू येत नाही, कोड मात्र विक्रीला लागलेले दिसतात.

म्हणून मर्यादा असावी यात वाद नाही. वाद आहे तो ती कशावरून ठरते यावर.

आता जरा वांगणीला या

बदलापूर सोडलं की कर्जतच्या दिशेनं पुढचं स्टेशन वांगणी. एप्रिल 2021 मध्ये इथल्याच फलाटावरून रुळांवर पडलेल्या एका लहानग्याला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी गाडीसमोर धावत जाऊन वाचवलं होतं. तो व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. त्या मुलाच्या आईला दिसत नव्हतं. घरं परवडतात आणि लोकल जवळ आहे, म्हणून वांगणीत अनेक दृष्टिहीन कुटुंबं येऊन राहिली आहेत. त्यातले कित्येक जण लोकलमध्ये छोट्यामोठ्या वस्तू विकून घर चालवतात.

आता एक कल्पना करा. वांगणीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीनं फक्त आवाजावर चालणारा मराठी गेम बनवला. स्क्रीनकडे बघायची गरज नाही. गाडीचा आवाज, घोषणा, फेरीवाल्यांच्या हाका ऐकून खेळायचा. ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशांतून तिनं 100 डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये भरले आणि गेम स्टीमवर आणला.

पहिल्या तीन महिन्यांत विक्री झाली 150 प्रतींची. मराठी गेम, तोही दृष्टिहीनांसाठी, म्हणजे हा आकडा वाईट नाही. आणि मग एका संस्थेनं विचारलं, 'राज्यभरातल्या अंध मुलांच्या शाळांना आम्ही हा गेम मोफत देऊ. सहा हजार कोड मिळतील का?'

ही तिच्यासाठी सगळ्यात आनंदाची बातमी. पण स्टीमच्या बाजूनं बघा. विक्री 150, मागणी 6,000. गेम खरेदी करणारे थोडे, कोडवाले चाळीसपट. कार्डांचा धंदा करणाऱ्याचा अर्ज आणि हिचा अर्ज शेजारी ठेवले तर आकड्यांत दोघं सारखेच दिसतात.

इथं खरी अडचण आहे. स्टीमवरची विक्री हा प्रामाणिकपणाचा पुरावा मानला तर ज्याचा गेम आधीच चालतोय त्याला कोड सहज मिळतात. ज्याला गेम लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी कोड हवेत, त्यालाच उत्तर द्यावं लागतं. चोराला पकडायला लावलेल्या चाळणीत नवखा माणूस अडकतो.

मग नव्या डेव्हलपरनं काय करायचं?

रडत बसायची गरज नाही, पण काही गोष्टी आधीच माहीत असल्या तर बरं.

एक, टेस्टिंगसाठी कोड खर्च करू नका. 2020 पासून स्टीमवर 'प्लेटेस्ट' ही सोय आहे. तिथं लोकांना कोडशिवाय चाचणीत घेता येतं. शेजारच्या चाळीस जणांकडून गेम तपासून घ्यायचा असेल तर तेवढं पुरतं.

दोन, रिव्ह्यू करणाऱ्यांना शक्यतो स्टीमच्या 'क्युरेटर कनेक्ट'मधून गेम द्या. तिथं प्रत थेट त्यांच्या खात्यात जाते, त्यामुळे विकायला कोड हातात राहत नाही. ईमेलवरून मागणारा खरा आहे का, हे त्याच्या चॅनलवर दिलेल्या पत्त्याशी ताडून बघा.

तीन, जास्त कोड मागताना कारण स्पष्ट लिहा. कोणाला, कशासाठी, किती. संस्थेचं पत्र असेल तर उत्तमच. आकडे बोलत नसतील तिथं कागद बोलतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोफत वाटायचं असेल तर स्टीमचे कोडच कशाला? गेमची फाइल आपल्याकडेच असते. ती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवता येते. इच.आयओसारख्या दुकानात तर दुकानाचा वाटा किती, हेही डेव्हलपर ठरवतो, अगदी शून्यसुद्धा. फक्त अपडेट आणि तांत्रिक मदत मग स्वतःच्या डोक्यावर येते.

क्राउडफंडिंग करणाऱ्यांनी जास्त जपून

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' या गेमसाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता. ती मोहीम यशस्वी झाली नाही. तरी ते थांबले नाहीत. 2020 मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

अशा मोहिमांमध्ये पैसे देणाऱ्याला साधारणपणे 'गेम आला की तुम्हाला कोड देऊ' असं वचन दिलं जातं. गेम स्टीमवर यायच्या आधीच कोड कबूल केलेले असतात. म्हणून मोहीम सुरू करताना हिशोब मांडून ठेवलेला बरा. लोकांना दिलेलं वचन तुमचं असतं. ते पाळण्यासाठी लागणारा कोड मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत असतो.

थोडक्यात मुद्दा काय?

कोड फुकट मिळतो म्हणून तो आपला वाटतो. तो आपला नसतो. तो दुकानानं दिलेला उधारीचा माल आहे आणि उधारी किती द्यायची हे दुकानदारच ठरवतो. 2017 मध्ये व्हॉल्व्हनं ती आवरली, त्याला चोर कारणीभूत होते. तरी झळ चोरांपुरती राहत नाही.

सरकारी धोरणात गेम बनवणाऱ्यांसाठी पैसा, प्रशिक्षण, जागा यावर बोलणं होतंय, ते हवंच. पण तयार झालेला माल ज्या दुकानांत जाणार आहे, त्यांचे नियम मराठीत, सोप्या भाषेत पोरांपर्यंत पोहोचवणारं कुणीतरी हवं. वांगणीच्या त्या मुलीला हा नियम पैसे भरायच्या आधी कळला, तर ती संस्थेला 'नाही' म्हणणार नाही. ती शाळांसाठी वेगळी फाइल आधीच तयार ठेवेल.

तुमच्या ओळखीत कुणी गेम बनवत असेल, तर त्याला हे वाचायला द्या. पाच हजारांचा आकडा त्याला माहीत आहे का, तेही विचारा.