लांबची वाट, पण लवकर

अंतर विचारले की आमच्या वर्गातली मुले लगेच नकाशावर पट्टी ठेवतात. जिल्ह्याच्या नकाशावर हे चालते. जगाच्या नकाशावर चालत नाही, असे माझे मत आहे.

दिल्लीचा विमानतळ आणि अमेरिकेतला सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ घ्या. भिंतीवरच्या नकाशात भारत उजवीकडे आणि अमेरिका पार डावीकडे. पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक महासागर अशी जाते. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन्ही ठिकाणी दोरा ताणून धरा. दोरा आफ्रिकेकडे जातच नाही! तो वर सायबेरियावरून, उत्तर ध्रुवाच्या जवळून पलीकडे उतरतो. विषुववृत्ताला गुंडाळलेला दोरा म्हणजे 40,000 कि.मी. हा दोरा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा आखूड भरतो, म्हणजे सुमारे 12,400 कि.मी.

पण नुसतं अंतर कळून भागत नाही. खरी गंमत पुढेच आहे. 2015 साली एअर इंडियाचे विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला न थांबता जाऊ लागले. ते पश्चिमेकडे अटलांटिकवरून जाई. 2016 च्या ऑक्टोबरात ते उलट बाजूने, पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट सुमारे 15,300 कि.मी., म्हणजे आधीच्या वाटेहून सुमारे 1,400 कि.मी. जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचले. जवळजवळ दोन तास वाचले!

कारण काय, तर वारा. तिकडे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो विमानाच्या पाठीशी आला. सायकलवाल्यांना हे सांगायला नकोच. गणिताच्या पुस्तकातली विमानं मात्र नेहमी एकाच वेगाने जातात, त्यांना वारा म्हणून लागत नाही.

घड्याळाचंही तसंच. विमान दिल्लीहून पहाटे 4 ला निघाले असे धरू. साडेचौदा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतील. पण ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असते. म्हणजे तिथे त्याच दिवशी सकाळचे 6! घड्याळाकडे बघणारा म्हणेल, दोनच तास लागले. म्हणून लांबच्या प्रवासाला किती तास लागले ते वेगळे विचारावे.

आता मुद्द्याचे बोलते. आपल्या शाळेत पृथ्वीचा गोल आहे, पण फुटेल म्हणून तो कपाटात कुलूपबंद असतो. वर्षातून एकदा दुरून दिसतो. दुरून बघून दोरा कसा ताणणार? गोल टेबलावर ठेवावा, आणि जमलेल्या पालकांनीही गुरुजींना तसे सांगावे. पुसायचे काम आम्ही मुली पाळीपाळीने करू. दोऱ्याचे रीळ मी घरून आणीन. पहिल्यांदा मुंबई ते लंडन मोजू. 7,200 कि.मी.च्या आसपास भरले पाहिजे.